रोलवाल्या मैत्रिणीला काय द्यावं?

“अगं, पण रोल अजून मिळतात?” फिल्मवर फोटो काढणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असेल. मिळतात. अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅकची फिल्म बनते, इंग्लंडमध्ये मोबर्लीला इलफर्डची, चेक देशात फोमाची. इलफर्डचा कारखाना चालवणाऱ्या हार्मन कंपनीने तर २०२३च्या डिसेंबरात ‘फिनिक्स’ नावाची नवी रंगीत फिल्म आणली, आणि पुढच्याच वर्षी पेंटॅक्सने नवाकोरा फिल्म कॅमेरा काढला. तेव्हा माल भरपूर आहे. अडचण आहे ती देणाऱ्याची. मैत्रिणीचा वाढदिवस चार दिवसांवर आलेला असतो, तिला या विषयातलं खूप कळत असतं आणि आपल्याला काहीच कळत नसतं. मग आपण लेन्सच्या आकाराचा कॉफीचा मग घेऊन जातो. असे दोन मग तिच्या ओट्यावर आधीच असतात.

या छंदात एक सोय आहे, ती देणाऱ्याने ओळखावी. डिजिटल कॅमेरेवाल्याकडे सगळं असतं आणि काही संपत नाही. रोलवालीचं मात्र दर महिन्याला काहीतरी संपतं, नाहीतर कुठेतरी अडतं. भेट तिथली असावी.

१. आधी थोडी हेरगिरी

तीन गोष्टी कळायला हव्यात: तिच्या कॅमेऱ्यात कुठल्या मापाचा रोल जातो, ती रंगीत फोटो काढते की कृष्णधवल, आणि काढलेला रोल धुतो कोण. थेट विचारलं तर गंमत जाते, म्हणून नजर वापरा. बऱ्याच जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या पाठीवर एक छोटी चौकट असते. आत कुठला रोल भरलाय हे विसरू नये म्हणून खोक्याचं झाकण फाडून त्या चौकटीत खोचून ठेवतात. कॅमेरा टेबलावर पडलेला दिसला की पाठ बघा, अर्धी उत्तरं तिथेच मिळतील. नाहीतर पाणी पिण्याच्या निमित्ताने फ्रिज उघडा. रोल टिकावेत म्हणून ही मंडळी ते फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवतात.

जे सापडेल तेच आणा. दुकानदार म्हणेल, “याच्यापेक्षा भारी देतो.” नको म्हणा. हे चहासारखं आहे: ज्या घरात ज्या पुडीचा चहा चालतो तिथे तीच पुडी न्यावी, कारण त्या हाताला दुधासाखरेचं प्रमाण त्याच पुडीचं बसलेलं असतं.

२. रोलमध्ये असतं काय?

पातळ, पारदर्शक प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा लेप, आणि लेपात विखुरलेले चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक. (जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनतं. शाकाहाराचं सोवळं शेवटपर्यंत पाळणाऱ्यांना हा छंद तसा अवघडच.) शटर क्षणभर उघडलं की जिथे प्रकाश पडला तिथल्या स्फटिकांत सूक्ष्म बदल होतो. डोळ्यांना काहीही दिसत नाही, पण चित्र उमटलेलं असतं. त्यालाच सुप्त प्रतिमा म्हणतात.

‘रोल धुणे’ म्हणजे ही सुप्त प्रतिमा दिसती करणं. पहिलं रसायन, डेव्हलपर, प्रकाश लागलेल्या स्फटिकांचं काळ्या चांदीत रूपांतर करतं. दुसरं, ज्याला जुने स्टुडिओवाले अजून ‘हायपो’ म्हणतात, न वापरलेले क्षार विरघळवून टाकतं. मग उजेड दाखवला तरी बिघडत नाही. जिथे जास्त प्रकाश पडला तिथे जास्त काळं, म्हणून चित्र उलटं. म्हणून ती निगेटिव्ह.

रंगीत फिल्ममध्ये असे थर निळ्या, हिरव्या आणि तांबड्या प्रकाशासाठी वेगवेगळे असतात. धुताना चांदीच्या जागी रंगद्रव्य तयार होतं आणि चांदी काढून टाकली जाते. म्हणजे रंगीत आणि कृष्णधवल रोल धुण्याची रसायनंच वेगळी. देणाऱ्याने एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतील. त्या कशा, ते चौथ्या भागात.

३. खोक्यावरचे आकडे

पहिला आकडा मापाचा. ‘१३५’ म्हणजे आपल्या ओळखीची धातूची डबी: ३५ मिलिमीटर रुंद फिल्म, दोन्ही कडांना भोकं, बहुतेक वेळा ३६ फोटो. ही डबी कोडॅकने १९३४ साली आणली आणि आजतागायत ती बदललेली नाही. ‘१२०’ त्याहून जुनी, १९०१ची. तिला डबी नसते. रुंद फिल्म काळ्या कागदासकट रिळावर गुंडाळलेली असते, आणि चौकोनी फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात तिच्यावर बाराच फोटो बसतात. एकाचा रोल दुसऱ्यात जात नाही.

दुसरा आकडा आयएसओ, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती हळवी आहे ते. आकडा दुप्पट, तर अर्ध्या प्रकाशात भागतं. समजा, संध्याकाळी घरात दिव्यांचा चांगला उजेड आहे आणि तिच्या लेन्सचं तोंड एफ २ पर्यंत उघडतं. ४००च्या रोलवर साधारण १/६० सेकंदात फोटो होईल, आणि तेवढा वेळ हात स्थिर राहतो. १००च्या रोलवर तोच फोटो १/१५ सेकंद मागेल. मग गणपतीच्या आरतीला जमलेली सगळी मंडळी थोडी थोडी हललेली. म्हणून काहीच माहिती काढता आली नाही तर डोळे मिटून ४००चा रोल घ्या. उन्हातही चालतो, पावसाळी ढगांतही. शंभराचे रोल बारीक कणांचे आणि देखणे, पण ते भर उन्हात फिरणाऱ्यांसाठी.

तिसरा आकडा मुदतीच्या तारखेचा. मुदत उलटलेला रोल एका रात्रीत मरत नाही, पण त्याचा हळवेपणा उतरतो, रंग भलतीकडे झुकतात. काहींना मुद्दाम तेच आवडतं. पण तो त्यांचा शौक. देणाऱ्याने त्यात पडू नये.

४. धुणार कोण?

रोल देणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. रंगीत निगेटिव्ह रोल ‘सी-४१’ नावाच्या पद्धतीने धुतात. आपल्याकडच्या ज्या कलर लॅब अजून रोल घेतात त्या बहुतेक याच पद्धतीच्या. साधा कृष्णधवल रोल, म्हणजे कोडॅकचा ट्राय-एक्स किंवा इलफर्डचा एचपी-५, त्या यंत्रात घातला तर चित्रच धुऊन जातं, कारण तिथे चांदी काढून टाकतात आणि या फिल्मवर चांदीशिवाय दुसरं काही नसतं. तेव्हा मैत्रीण जर सगळं कोपऱ्यावरच्या लॅबमध्येच टाकत असेल, तर तिला हौसेने कृष्णधवल रोल देणं म्हणजे कामाला लावणं. यातही एक पळवाट आहे: इलफर्डचा ‘एक्सपी-२ सुपर’. फोटो कृष्णधवल, पण धुलाई रंगीत रोलसारखी सी-४१ची.

स्लाइडच्या फिल्मसाठी तिसरीच पद्धत लागते, ई-६. ती करणाऱ्या लॅब फार थोड्या. तिने स्वतः मागितल्याशिवाय स्लाइडचा रोल देऊ नये.

धुणारा कोणी उरला नाही तर काय होतं, हे कोडाक्रोमने दाखवलं. १९३५ साली आलेली ही रंगीत फिल्म कोडॅकने २००९ मध्ये बंद केली. तिची धुलाई इतकी किचकट की शेवटी जगात एकच लॅब उरली, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावची ‘ड्वेन्स फोटो’. तिनेही ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं. कारखान्यातून निघालेला अखेरचा रोल कोडॅकने स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराला दिला होता. त्यातल्या मोजक्या ३६ चौकटींपैकी काही त्याने आपल्या मुंबईत खर्च केल्या, अमिताभ बच्चनवरही. काही राजस्थानातल्या राबारी लोकांवर. आज जुन्या बाजारात कोडाक्रोमचा सीलबंद रोल दिसला तर घ्यायला हरकत नाही, पण कपाटात मांडायला. त्यातून आता रंगीत फोटो येत नाहीत.

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’ रोलचंही तेच. १९६० साली स्थापन झालेला हा सरकारी कारखाना आता बंद आहे. त्याचं एखादं न फोडलेलं खोकं चोर बाजारात हाती लागलं तर रोलवाली खूश होईल, पण वापरायला म्हणून देऊ नये.

५. एका क्लिकचा हिशोब

समजा, रोल ९०० रुपयांचा, आणि धुवून स्कॅन करून घ्यायला ५४० रुपये. एकूण १,४४० भागिले ३६. म्हणजे बटण दाबलं की ४० रुपये गेले, फोटो हलला तरी, डोळे मिटले तरी. भारी रोल घेतला तर हाच आकडा सहज दीडपट होतो. या मंडळींकडे धुवायचे राहिलेले पाच-सहा रोल डब्यात का पडून असतात, ते या हिशोबावरून कळतं. रोल विकत घेताना उत्साह असतो. धुवायच्या वेळी महिनाअखेर असते.

म्हणून माझ्या मते सगळ्यात चांगली भेट म्हणजे तिच्या सवयीचे दोन रोल आणि तिच्या नेहमीच्या लॅबमध्ये तेवढ्या धुलाईचे आगाऊ भरलेले पैसे. पावती खोक्याला रबरबँडने लावून द्यायची. दिसायला अगदीच किरकोळ दिसेल, वेष्टनाच्या कागदाएवढाही डौल नाही. पण यात फुकट जाणारं काही नाही.

६. पाऊस आणि बुरशी

परदेशी मासिकांतल्या भेटींच्या याद्यांत जी गोष्ट सापडत नाही आणि आपल्याकडे मात्र जिच्यावाचून चालत नाही, ती म्हणजे कोरडा डबा. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते. आधी एक ठिपका, मग कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे. फोटो धुरकट यायला लागतात. लवकर लक्षात आलं तर कारागीर लेन्स उघडून पुसून देतो. उशीर झाला तर बुरशीने सोडलेल्या आम्लाने काचेवरचा लेप कायमचा खरवडला जातो. चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या लेन्स यालाच बळी पडतात, आणि त्या नव्या कुठून आणणार?

उपाय स्वस्त आहे. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आतला ओलावा दाखवणारं छोटं यंत्र. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की लेन्स सुखरूप. रंग बदलणारी सिलिका जेल घ्या, म्हणजे ती ओलावली की कळतं. तापवून पुन्हा वापरता येते. बजेट मोठं असेल, चारपाच जणांनी मिळून द्यायचं असेल, तर विजेवर चालणारं कोरडं कपाट मिळतं. दुकानात ‘ड्राय कॅबिनेट’ म्हणून मागा.

आणि एक मोह टाळा. जुन्या कॅमेऱ्यासाठी मऊ कातड्याची केस फार सुंदर दिसते आणि भेट म्हणून लगेच डोळ्यांत भरते. कातडं ओलावा धरून ठेवतं. दापोलीला किंवा दादरला राहणाऱ्या माणसाला ती देणं म्हणजे बुरशीला खोली भाड्याने देणं. कॅमेरा कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्यांशेजारी ठेवू नये, ही सूचना कॅमेरा कंपन्याही देतात. घरातल्या मोठ्यांना ती वाचून दाखवली तर बरं.

७. लहानसं, पण बिनचूक

हाताशी दोनतीनशेच रुपये असतील तरी चालेल. पेंटॅक्स के-१०००ला एलआर-४४ नावाची एक बटण-बॅटरी लागते, निकॉन एफएम-२ला तशाच दोन. बॅटरी नसली तरी हे दोन्ही कॅमेरे फोटो काढतात, फक्त प्रकाश मोजणारा काटा बंद पडतो. कॅनन एई-१चं तसं नाही. त्याला सहा व्होल्टची एक लागते आणि ती संपली की शटरच चालत नाही, नेमकं लग्नाच्या मांडवात. जास्तीची बॅटरी पिशवीत असणं याचं मोल रोलवालीलाच कळेल.

ती कृष्णधवल काढत असेल तर नारिंगी फिल्टर बघा. नारिंगी काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे आकाश गडद येतं आणि ढग त्यावर उठून दिसतात. पाऊस ओसरल्यावर सह्याद्रीत फिरणाऱ्याला याहून काय हवं? फक्त माप जुळलं पाहिजे. लेन्सच्या तोंडाशी गोल आणि त्यावर आडवी रेघ असं चिन्ह असतं, त्यापुढचा आकडा पाहा: ४९, ५२, ५५ असं काहीतरी. तो व्यासाचा आकडा, मिलिमीटरमध्ये.

८. घरी धुणारी असेल तर

बाथरूमच्या दारावर चादर लावून रोल धुणारी मंडळी वेगळ्या जातीची. त्यांना थर्मामीटर द्या. कृष्णधवल धुलाईच्या वेळा बहुधा २० अंश सेल्सिअसला धरून दिलेल्या असतात, आणि पाणी गरम असेल तर रसायन झपाट्याने काम करतं. इलफर्डच्या तक्त्यातलं उदाहरण घ्या: २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील तर २३ अंशांना ३ मिनिटंच, आणि १६ अंशांना ६. तीन अंशांत पाव वेळ कमी. आपल्याकडे नळाचं पाणी उन्हाळ्यात तिशीच्या पुढे जातं, म्हणजे बर्फाच्या परातीत बाटल्या उभ्या करण्यावाचून गत्यंतर नसतं. रंगीत धुलाईचं उलटं आहे, तिला जवळपास ३८ अंश लागतात. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून ते फुकट मिळतात.

याशिवाय अंधारी पिशवी, म्हणजे दोन बाह्या असलेली, उजेड आत न येणारी पिशवी, जिच्यात हात घालून रोल टाकीत भरतात. ती असली की रात्र व्हायची वाट पाहावी लागत नाही. आणि निगेटिव्ह ठेवायची पारदर्शक पानं: सहा फोटोंची एक पट्टी, अशा सहा पट्ट्या एका पानावर. पीव्हीसीची घेऊ नका. पॉलिप्रॉपिलीनची मागा, ती वर्षानुवर्षं निगेटिव्हला चिकटत नाहीत.

९. न्यू जर्सीच्या चुलतभावाकडून

तिकडे रोल स्वस्त मिळतात म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याकडून मागवायची पद्धत आहे. मागवा, पण त्याला नीट बजावा. मोठ्या बॅगेत, जी विमानाच्या पोटात जाते, तिच्यात रोल कधीही नाही. तिथले एक्स-रे जोरदार असतात आणि फिल्मवर धुकं चढतं. हातातल्या बॅगेची तपासणीही आता बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनरने होते, आणि तो सगळ्याच रोलना बाधतो. अमेरिकेतल्या विमानतळांवर रोल हाताने तपासा अशी विनंती करता येते. खोकी काढून, पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवले तर तपासणाऱ्याचंही काम सोपं होतं. चुलतभाऊ लाजाळू असेल तर इथेच विकत घेतलेलं बरं.

१०. कॅमेरा द्यावा का?

नाही. लेन्सही नाही, कारण निकॉनची लेन्स कॅननला बसत नाही आणि कॅननचीही जुनी लेन्स कॅननच्याच नव्या कॅमेऱ्याला बसत नाही.

अपवाद एकच: घरातला. माळ्यावर आजोबांचा आग्फा क्लिक-३ किंवा काकांची याशिका पडलेली असते, आणि घरात कोणाला ती नको असते. रोलवालीला ती हवी असते. क्लिक-३ला १२०चा रोल लागतो आणि तो आजही मिळतो, म्हणजे हा कॅमेरा खरोखर चालू शकतो. देण्याआधी आत एक रिकामं रीळ आहे ना, ते पाहा. १२०ची फिल्म एका रिळावरून दुसऱ्यावर जाते. दुसरं रीळच नसेल तर नवा रोल भरता येत नाही.

पण पाठ उघडण्यापूर्वी थांबा. पाठीवरच्या लाल खिडकीत एखादा अंक दिसतोय का? दिसत असेल तर आत रोल आहे, अर्धा काढलेला, कदाचित पन्नास वर्षांपूर्वीचा. उघडू नका. आहे तसा, अंधारात रोल काढता येणाऱ्या तुमच्या मैत्रिणीच्या हाती द्या. कृष्णधवल असेल तर काहीतरी उमटण्याची बरीच आशा असते. वाढदिवसाला याहून मोठी भेट देणं कठीण. फक्त त्यात कोणाचा चेहरा निघेल याची हमी देऊ नका.

११. पुस्तक, आणि एक प्रिंट

पुस्तक द्यायचं तर फोटो कसे काढावेत हे सांगणारं नको, ते तिला येतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्या कामावर सबीना गडिहोके यांनी २००६ साली इंग्रजीत देखणं पुस्तक केलं आहे. ते सापडलं तर सोडू नका.

आणि सगळ्यात शेवटी सुचणारी पण सगळ्यात आधी करावी अशी गोष्ट: तिचाच एखादा फोटो मोठा छापून घेणं. रोल धुतले जातात, स्कॅन होतात, फोनमध्ये राहतात. कागदावर फार थोडे येतात. निगेटिव्ह गुपचूप उचलून नेऊ नका, एक ओरखडा पडला तर मैत्री संपेल. तिने पाठवलेलं मोठं स्कॅन वापरा, नाहीतर सरळ सांगून निगेटिव्ह मागा. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ बाय ३६, म्हणजे दोनास तीन. त्याला ८ बाय १२ इंची कागद नेमका बसतो. दुकानदार सवयीने ८ बाय १० सुचवेल. त्यात लांबीतले दोन इंच कापले जातात आणि नेमका कडेला उभा असलेला माणूस जातो. १२०च्या चौकोनी फोटोला ८ बाय ८ किंवा १० बाय १० मागा. तयार फ्रेम आधी आणून ठेवू नका. प्रिंट हातात आली की पांढऱ्या कडेसकट माप घ्या आणि मग फ्रेमवाल्याकडे जा.